मंगळाची माती भाजून पाणी

आषाढातली दुपार. लालबागला मामाच्या गणपतीच्या कारखान्यात प्लास्टिकच्या छतावर पाऊस धो धो वाजत होता आणि खाली मामा रबराच्या साच्यात माल ओतत होता. पीओपीची पांढरी पूड पाण्यात कालवायची, काथ्याचे झुपके त्यात बुडवून साच्याच्या आतून थापायचे, की थोड्या वेळात सगळं दगडासारखं घट्ट. मी साच्याला बाहेरून हात लावला आणि लहानपणी दचकायचे तशीच दचकले. साचा तापला होता. जवळ विस्तव नाही, ऊन तर आठवडाभर पाहिलेलं नाही, आणि हाताला चहाच्या पेल्यासारखा चटका.

"पाणी प्यायलाय ना तो," मामा म्हणाला. "पाणी प्यायला की तापतो."

मी वीस वर्षं विज्ञान शिकवते, पण मंगळावर पाणी कसं काढणार हे कोणाला सांगायची वेळ आली की मला मामाचं हेच वाक्य लागतं. ते अगदी बरोबर आहे. पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम. जिप्सम हा खाणीत मिळणारा मऊ, पांढुरका दगड. नखाने ओरखडा निघेल इतका मऊ. त्याच्या स्फटिकात कॅल्शियम सल्फेटच्या जोडीला पाण्याचे रेणू ठरलेल्या जागी बसलेले असतात. एकास दोन, असं प्रमाण. वजनाने बघायचं तर या दगडाचा पाचवा हिस्सा निव्वळ पाणी आहे. तरी हाताला तो ठणठणीत कोरडा लागतो, कारण हे पाणी ओल म्हणून राहिलेलं नसतं, दगडाच्या बांधणीतच चिणलेलं असतं.

हा दगड साधारण दीडशे अंशांवर भाजला की त्यातलं पाऊण पाणी वाफ होऊन निघून जातं आणि उरते ती आपली पांढरी पूड. शंभर किलो जिप्सम भाजला तर पंधरा लिटरहून जास्त पाणी हवेत जातं. मामा बादलीत घालतो ते पाणी म्हणजे भट्टीने काढून घेतलेलं पाणी परत देणं. ते आपल्या जागी परत बसताना, बाहेर काढताना खर्ची पडलेली उष्णता परत मिळते. साचा तापतो तो त्यामुळे.

आणि हाच दगड मंगळावर आहे. २०११ च्या अखेरीस 'ऑपॉर्च्युनिटी' या रोव्हरला, म्हणजे मंगळावर चाकांवर फिरणाऱ्या यंत्राला, एंडेव्हर नावाच्या विवराच्या काठावर जमिनीतून वर आलेली एक पांढरी शीर दिसली. अंगठ्याएवढी रुंद, हातभर लांब. तपासलं तर कॅल्शियम सल्फेट निघालं, बहुधा जिप्समच. कधीकाळी तिथल्या खडकाच्या भेगेतून पाणी वाहिलं आणि जाताना हा क्षार मागे ठेवून गेलं. उत्तर ध्रुवाजवळ तर वाळूच्या टेकड्याच्या टेकड्या आहेत ज्यांच्यात जिप्सम मिसळलेला आहे.

तेव्हा मंगळाच्या मातीतून पाणी काढणं म्हणजे मुळात एवढंच: पीओपीची भट्टी लावायची, फक्त पूड बाजूला सारायची आणि वाफ जपायची. लोकांना वाटतं की अडचण पाणी सापडण्याची आहे. पाणी सापडलेलं आहे, भरपूर सापडलेलं आहे. खरी अडचण ही की एका लिटरसाठी किती माती उकरायची, किती तापवायची आणि तेवढी ऊब आणायची कुठून.

आधी एक शंका दूर करू. मंगळावर उघड्यावर पाणी का नाही? थंडी आहेच, सरासरी तापमान उणे साठ अंशांच्या आसपास. पण थंडीपेक्षा मोठं कारण म्हणजे हवा विरळ. तिथल्या हवेचा दाब आपल्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी भरतो. इतक्या कमी दाबात पाण्याला द्रवरूपात टिकता येत नाही. बर्फ तापला की त्याचं पाणी न होता सरळ वाफ होते. कपाटातली डांबरगोळी जशी कुठेही ओल न करता महिनाभरात झिजून नाहीशी होते, तसाच तिथे बर्फ झिजतो. याला संप्लवन म्हणतात.

हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. २५ मे २००८ रोजी 'फिनिक्स' हे यान मंगळाच्या उत्तरेकडच्या मैदानात उतरलं आणि आपल्या यांत्रिक हाताने त्याने एक चर खणला. चराच्या तळाशी पांढरे खडे दिसले. मीठ की बर्फ? शास्त्रज्ञांनी काही केलं नाही, नुसते फोटो काढत राहिले. चार दिवसांत खडे गायब. मीठ असं उडून जात नाही. जुलैच्या शेवटी यानावरच्या छोट्या भट्टीत माती तापवली आणि पाण्याची वाफ निघाल्याचं पक्कं झालं. मला त्या दोन फोटोंचं फार अप्रूप आहे: एकात चराच्या कोपऱ्यात पांढरे खडे, दुसऱ्यात नुसती सावली.

म्हणजे मंगळावर पाणी टिकायचं तर मातीखाली लपून किंवा दगडात चिणून घेऊन. वरून ते शोधायचं कसं, याची युक्ती गोट्या खेळलेल्या कोणालाही कळेल. अंतराळातून येणारे किरण मातीवर आदळतात आणि अणूंमधून न्यूट्रॉन नावाचे कण उडवतात. न्यूट्रॉन जड अणूवर आपटला तर भिंतीवर मारलेल्या गोटीसारखा जवळजवळ त्याच वेगाने परत फिरतो. पण हायड्रोजनचा अणू वजनाने न्यूट्रॉनएवढाच. गोटीवर गोटी नेमकी बसली की मारलेली गोटी जागीच थांबते, तसा न्यूट्रॉन हायड्रोजनवर आपटला की मंदावतो. जिथून वेगवान न्यूट्रॉन कमी येतात, तिथे मातीत हायड्रोजन जास्त. आणि मातीत हायड्रोजन बहुतेक पाण्याच्याच रूपात असतो. 'मार्स ओडिसी' यानाने २००२ मध्ये मंगळाभोवती फिरत हे मोजलं आणि दोन्ही ध्रुवांकडच्या विस्तीर्ण प्रदेशात वरच्या मीटरभर मातीत बर्फ ठासून भरलेला आढळला. (चंद्रावर पाण्याची खूण पटली ती आपल्या 'चांद्रयान-१' वरच्या उपकरणामुळे, २००९ मध्ये. तिथली रीत वेगळी होती: परावर्तित उजेडातला कोणता भाग गिळला जातो ते बघायचं.)

ध्रुवांपासून दूर, विषुववृत्ताजवळची माती वरून कोरडीच दिसते. 'क्युरिऑसिटी' रोव्हर ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरला तो याच पट्ट्यात. त्याने वाऱ्याने साचलेल्या एका ढिगातली बारीक माती उचलली, चाळली आणि पोटातल्या भट्टीत ८३५ अंशांपर्यंत तापवली. निघालेल्या वायूंमध्ये पाण्याची वाफ सर्वांत जास्त होती. वजनाच्या साधारण दोन टक्के. धुळीची वादळं मंगळभर माती ढवळत असतात, त्यामुळे ही बारीक धूळ सगळीकडे जवळजवळ सारखीच असणार. म्हणजे मंगळावर कुठेही उतरा, पायाखाली दोन टक्के पाणी आहे.

हे पाणी मातीत तीन तऱ्हांनी बसलेलं असतं. पहिली तऱ्हा बर्फाची. दुसरी तऱ्हा मुंबईच्या पावसाळ्यात रोज दिसते: डबीतलं मीठ भिजल्यासारखं होतं, पापड मऊ पडतात. हवेतली वाफ कणांच्या अंगाला चिकटते. मंगळाच्या हवेत वाफ अगदी नावाला आहे. सगळी खाली आणून पसरली तर तिचा थर माणसाच्या केसाच्या जाडीहूनही पातळ भरेल. तरी कोट्यवधी वर्षं ती धुळीला चिकटत आणि सुटत आली आहे. हे चिकटलेलं पाणी थोड्या उबेने सुटतं. तिसरी तऱ्हा जिप्समची, आणि चिकणमातीचीही. धारावीच्या कुंभारवाड्यात कच्चं मडकं पाण्यात ठेवलं तर विरघळतं आणि भाजलेलं जन्मभर टिकतं, कारण भट्टीत मातीच्या कणांच्या आतलं पाणीही निघून जातं आणि मग ते परत घेता येत नाही. मंगळावर अशी चिकणमातीही आहे. तिच्यातलं काही पाणी लवकर सुटतं, काही फार तापवल्यावर.

आता हिशेब करू. मला हा भाग सर्वांत आवडतो, कारण इथे स्वप्नाला वजन येतं.

दोन टक्के म्हणजे एक लिटर पाण्यासाठी ५० किलो माती. सिमेंटची एक गोणी ५० किलोची असते. एक गोणी माती उकरा, भाजा, टाकून द्या. हातात पाण्याची एक बाटली. साध्या मातीतून पाणी सहज सुटावं म्हणून ती उणे ६० पासून ३०० अंशांपर्यंत न्यायची असं धरू. म्हणजे ३६० अंशांची चढण. दगडमाती पाण्यापेक्षा लवकर तापते, साधारण एक पंचमांश उष्णतेत. तरीही ५० किलो माती ३६० अंश चढवायला चार युनिट वीज लागते. आपल्या विजेच्या बिलावर असतं तेच युनिट. शिवाय त्या लिटरभर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटाच्या आत-बाहेर. एकूण पावणेपाच युनिट. घरातला दोन किलोवॉटचा गिझर सव्वादोन तासांहून जास्त वेळ सलग चालू ठेवला तर एवढी वीज जळते. एका बाटलीसाठी.

आणि यातली चार युनिटं, म्हणजे रुपयातले पंच्याऐंशी पैसे, गेली निव्वळ दगड तापवण्यात. पाण्याच्या वाट्याला आलं ते उरलेलं. सगळ्या अभियंत्यांची धडपड त्या पंच्याऐंशी पैशांभोवती चालते. मातीत पाण्याचा अंश दुप्पट असेल तर दगडावरचा खर्च निम्मा होतो. जिप्समने भरलेली माती मिळाली तर दीडशे अंशांवर भागतं. भाजून निघालेल्या गरम मातीची ऊब आत येणाऱ्या थंड मातीला देता आली तर बराच खर्च वाचतो. सूक्ष्मलहरींचाही विचार झाला आहे, आपल्या मायक्रोवेव्हसारखा: भांडं न तापवता आतूनच तापवायचं.

बरं, ही वीज यायची कुठून? मंगळावर पोचणारा सूर्यप्रकाश आपल्याकडच्या निम्म्याहूनही कमी, आणि धुळीचं मोठं वादळ आलं की आठवडेच्या आठवडे अंधार. 'ऑपॉर्च्युनिटी' चौदा वर्षं चालून २०१८ च्या अशाच वादळात गप्प झाली, ती परत बोलली नाही. म्हणून छोट्या अणुभट्टीकडे बघितलं जातं. नासाने २०१८ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात असा एक लहान नमुना चालवून पाहिला. त्याच घराण्यातली मोठी भट्टी दहा किलोवॉटची आखलेली होती. दहा किलोवॉट म्हणजे दिवसाला २४० युनिट. आपल्या दराने रोज पन्नास लिटर पाणी. अडीच बादल्या.

शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरलं जातं. त्यापुढे अडीच बादल्या म्हणजे चाळीत एका घराच्या सकाळच्या आंघोळीसुद्धा होणार नाहीत. पण अंतराळस्थानकावर माणसाला दिवसाला चार लिटरांच्या आसपास पुरतं, आणि तेही परत परत फिरवून वापरलं जातं. घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गाळून २०२३ मध्ये तिथे ९८ टक्के पाणी परत मिळवता आलं. पिण्यापुरतं बघितलं तर मंगळावरच्या चौघांना अडीच बादल्या उदंड झाल्या.

मग एवढा खटाटोप कशासाठी? परत येण्यासाठी. हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. मंगळावरून निघायला रॉकेट लागतं, रॉकेटला इंधन लागतं, आणि ते पृथ्वीवरून वाहून न्यायचं तर इंधन न्यायला आणखी इंधन, असा तो पाढा वाढत जातो. त्याऐवजी पाणी विजेने फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायचे, हायड्रोजनला मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करायचा. या क्रियेला साबातिए क्रिया म्हणतात, शंभर वर्षांहून जुनी आहे. जळायला मिथेन, जाळायला ऑक्सिजन, रॉकेट तयार. नासाच्या २०१६ च्या एका अभ्यासात चौघांना परत आणणाऱ्या यानासाठी १६ टन पाणी लागेल असं धरलं होतं. रसायनशास्त्राच्या हिशेबाने तेवढ्यातून सुमारे ७ टन मिथेन आणि २८ टन ऑक्सिजन निघतो.

१६ टन म्हणजे दहा हजार लिटरचा दीड टँकर. उन्हाळ्यात कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी उभा असतो तसला. पण दोन टक्क्यांच्या मातीतून तो भरायचा तर ८०० टन माती भाजावी लागेल. सोळा हजार गोण्या. वीज पंच्याहत्तर हजार युनिट, म्हणजे महिन्याला अडीचशे युनिट वापरणाऱ्या घराची पंचवीस वर्षांची वीज. आणि पाणी फोडायला लिटरमागे पुन्हा जवळजवळ तेवढीच. दहा किलोवॉटच्या भट्टीवर नुसतं पाणी काढायलाच साडेदहा महिने लागतील. म्हणून बेत असा की यंत्रं आधी पाठवायची, त्यांनी माणसं नसताना काम करायचं, टाक्या भरल्याचा निरोप आला की मगच माणसांनी निघायचं. मंगळाकडे जायची सोयीची वेळ सव्वीस महिन्यांनी एकदा येते, तेवढी सवड यंत्रांना मिळते.

माणसं नसताना, हे दोन शब्द वाचायला सोपे आहेत. मातीशी ज्यांनी काम केलंय त्यांना विचारा. मामाच्या कारखान्यात चाळणीत गुठळी अडकली की मामा तळहाताने चाळणीच्या कडेला थाप मारतो, बस्स. फिनिक्सने पहिला नमुना भट्टीच्या तोंडावरच्या जाळीवर टाकला तर माती गुठळ्या होऊन जाळीवरच बसली. खाली एक कण जाईना. कोट्यवधी किलोमीटरवरून हुकूम देऊन ती जाळी दिवसामागून दिवस हलवत ठेवावी लागली, तेव्हा कुठे माती आत गेली. पुढे बर्फाळ माती फावड्यात घेतली तर ती फावड्यालाच चिकटून बसली, उलटं केलं तरी पडेना.

'इनसाइट' यानाची गोष्ट मला अजून चुटपुट लावते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते उतरलं. त्याच्याकडे हातोडीसारखी आपटत आपटत जमिनीत शिरणारी एक कांडी होती, पाच मीटर खोल जाण्यासाठी बनवलेली. तिला आजूबाजूच्या सैल मातीने धरून ठेवायला हवं होतं. तिथली माती वेगळी निघाली. तिने कांडीला धरलंच नाही आणि कांडी जागच्या जागी उसळत राहिली. दोन वर्षं प्रयत्न करून जानेवारी २०२१ मध्ये नाद सोडावा लागला. तेव्हा कांडी जेमतेम जमिनीच्या खाली गेली होती.

खणण्यात आणखी एक गोम आहे. मंगळावर वजन आपल्याकडच्या अडतीस टक्केच भरतं. जेसीबी जमीन उकरतो तो स्वतःच्या वजनाच्या जोरावर. हलकं यंत्र माती उकरायला गेलं तर स्वतःच मागे सरकतं. नासाच्या केनेडी केंद्रात यावर एक छान तोड काढली आहे: यंत्राला पुढे एक आणि मागे एक असे दातेरी पिंपासारखे दोन ढोल लावायचे आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने फिरवायचे. एकाचा रेटा दुसऱ्याच्या रेट्याला खातो, यंत्र जागेवर राहतं आणि माती दोन्ही ढोलांत भरत जाते.

माती भट्टीत गेली की झाकण घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर वाफ त्या विरळ हवेत क्षणात पळेल. कुकरच्या रिंगवर भाताचं एक शीत राहिलं तरी शिटी होत नाही, बाजूने फुसफुस वाफ जाते. इथे शीत नाही, मैद्यासारखी बारीक धूळ आहे, ती प्रत्येक वेळी झाकणाच्या कडेवर येणार, आणि झाकण हजारो वेळा उघडायचं-मिटायचं आहे. पुसायला कोणी नाही. मला विचाराल तर सगळा प्रकल्प अडला तर या रिंगपाशी अडेल. वाफ एकदा नळीत आली की पुढचं काम मंगळच करतो: बाहेर उणे साठ अंश आहेत, वाफ थंड करायला वेगळी सोय नको.

नळीच्या दुसऱ्या टोकाला जे जमा होतं ते अजून पिण्याजोगं नसतं. फिनिक्सलाच मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचा क्षार सापडला, साधारण अर्धा टक्का. पाण्यात तो सहज विरघळतो. पोटात गेला तर गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही, म्हणजे आयोडीनचं मीठ खाऊनही उपयोग नाही. चांगली गोष्ट ही की क्षार वाफेबरोबर जात नाही, मातीतच राहतो. पण माती फार तापवली तर परक्लोरेट फुटतं आणि त्यातून क्लोरीनचे आम्लधर्मी वायू निघतात. ते वाफेबरोबर येतात, पाणी आंबट करतात, नळ्या खातात. आणखी तापवलं तर गंधकाचे वायू. म्हणून ३०० अंशांच्या पुढे जायचा मोह टाळायचा, थोडं पाणी मातीत राहिलं तरी चालेल. उरलेलं काम घरच्या आरओसारख्या पडद्यातून होतं.

आता तुम्ही म्हणाल, इतकं सगळं करण्यापेक्षा सरळ बर्फच का नको? अगदी रास्त. उणे साठचा एक किलो बर्फ वितळवायला युनिटाचा आठवा हिस्सा पुरतो. कुठे पावणेपाच युनिट आणि कुठे हे. आणि बर्फ आहे किती! युटोपिया प्लॅनिशिया नावाच्या मैदानाखाली रडारने शोधलेल्या बर्फाच्या एकाच साठ्यात, २०१६ मध्ये जाहीर झालं त्याप्रमाणे, उत्तर अमेरिकेतल्या लेक सुपिरिअर या अवाढव्य सरोवराएवढं पाणी आहे. मुंबईला पाणी देणारे सातही तलाव काठोकाठ भरले तर जेवढं होईल त्याच्या हजारो पट. २४ डिसेंबर २०२१ रोजी मंगळावर एक उल्का पडली, तिचा हादरा इनसाइटने टिपला, आणि नंतर फोटोंत दीडशे मीटर रुंदीच्या खड्ड्याभोवती बर्फाचे पांढरे ढेकळे विखुरलेले दिसले. तेही ३५ अंश अक्षांशावर, इतक्या खाली बर्फ कोणी पाहिला नव्हता.

बर्फातून पाणी काढायची विहीर पृथ्वीवर वापरात आहे. बर्फात भोक पाडायचं, खाली उष्णता सोडायची, आत पाण्याचा फुगा तयार होतो, वरून उपसत राहायचं. १९६० च्या सुमारास ग्रीनलंडमध्ये अमेरिकी सैन्याच्या तळावर ही रीत निघाली. रॉड्रिगेझ या अभियंत्याच्या नावावरून तिला 'रॉडवेल' म्हणतात. दक्षिण ध्रुवावरचं संशोधन केंद्र आजही असंच पाणी पितं. अट एकच, ऊब तोडायची नाही. तोडली की विहीर गोठली.

तरी मातीचा विचार सुटत नाही, कारण बर्फ जिथे आहे तिथे हिवाळा कडक आणि सूर्य खाली. यान उतरवायला, वीज मिळवायला विषुववृत्ताजवळचा पट्टा बरा, आणि तिथे सहज हाताला लागेल असा बर्फ नाही. मुंबईकराला हा पेच नवा नाही. हे शहर बंदरासाठी वसलं, पाण्यासाठी नाही. विहिरी आणि तळी पुरेनाशी झाली तेव्हा १८६० मध्ये विहारचं पाणी आणलं, १८९२ मध्ये तानसाचं, मग वैतरणा, भातसा. शंभर किलोमीटरवरून नळ टाकले. डोंगरातलं पाणी उताराने चालत आलं म्हणून हे शहर वाढू शकलं. मंगळावर पहिली वस्ती करणाऱ्यांना नळ टाकता येणार नाहीत. त्यांना एकतर पाण्यापाशी जाऊन थंडी सोसावी लागेल, नाहीतर उबेत राहून रोज गोण्या भाजाव्या लागतील. माझं मत विचाराल तर पहिली माणसं बर्फापाशी उतरतील, आणि माती भाजायची भट्टी त्यांच्याबरोबर जोड म्हणून जाईल, खणताना बर्फ लागला नाही तर हाताशी असावी म्हणून.

हे सगळं मी मामाला त्या दुपारी सांगत बसले होते. तोवर साचा निवला होता. मामाने रबर सोलून काढलं, आतून बाप्पाचा पांढरा हात निघाला, बोटांच्या पेरांसकट.

"आतापर्यंत किती काढलं पाणी?" मामाने विचारलं.

क्युरिऑसिटीच्या भट्टीत जाणारी माती औषधाच्या गोळीपेक्षाही कमी असते. तिच्या दोन टक्के म्हणजे पावसाच्या थेंबाहूनही लहान थेंब. तोही थेंब म्हणून कोणी पाहिलेला नाही, उपकरणाने वाफ मोजली. मी करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं.

मामा हसला नाही. हातातल्या तुकड्याची कड चाकूने तासत राहिला. मग म्हणाला, "आणि तो जिप्सम भाजून पाणी काढून घेतलं, की खाली राहील ते पीओपीच ना?"

पीओपीच राहील, थोडी वाळू मिसळलेलं. टनावारी. त्याच्या विटा पाडता येतील, भिंती ओतता येतील, साचे भरता येतील.

"पण घट्ट करायला पाणी घालावं लागेल," मी म्हटलं.

"घालावंच लागेल," मामा म्हणाला, आणि पुढच्या साच्यासाठी बादली नळाखाली लावली.